दोन कान आणि एक कंठ
गुंदच्या रानात हौशी रेडिओच्या सहवासात काढलेले चार दिवस

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून रेडिओची लाकडी पेटी कधी नांदली नाही, असे घर सापडणे कठीण. दिवाणखान्यातील कोनाड्यात विणलेल्या आच्छादनाखाली ती विराजमान असे, आणि तिच्या कापडी तोंडातून उस्ताद फैयाझखाँसाहेबांचा भरदार आवाज निघू लागला की स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाजही आपोआप कमी होई. खाँसाहेब १९५० साली गेले. त्या पेट्याही पुढे माळ्यावर गेल्या. पण रेडिओ म्हणजे ऐकण्याची वस्तू, ही समजूत मात्र आपल्या मनात कायम राहिली. तो बोलण्याचीही वस्तू आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळले, आणि तेही कर्नाटकातील गुंद नावाच्या एका रानातल्या गावी.

गुंद हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले लहानसे गाव. आजूबाजूला काळी नदीच्या खोऱ्यातील घनदाट अरण्य. २००७ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ पासून तो काळी नदीच्याच नावाने ओळखला जातो. तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. पूर्वी त्याचे ठाणे सुपे येथे होते. गणेशगुडीच्या धरणात सुपे गाव बुडाले आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. घरात कोंकणी, अंगणात मराठी आणि कचेरीत कानडी, अशी येथील माणसांची तीन भाषांची सहज राहणी आहे. सुपारीच्या बागा, भाताची खाचरे आणि मृगापासून कोसळणारा पाऊस. मोबाइल फोन येथे आहे, पण त्याचा भरवसा पाहुण्यासारखा. आला तर आला.

माझे एक बडोदेकर स्नेही दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले आणि परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांपैकी आहेत. त्यांच्या मावशींचे घर गुंदला. गेल्या पावसाळ्यात ते आपले यंत्र घेऊन तेथे निघाले आणि शाळेला सुटी होती म्हणून मीही बरोबर गेलो.

सूर जुळवण्याची गोष्ट

पहिल्या दिवशी आम्ही एरियल बांधले. सात मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी तांब्याची तार सुमारे वीस मीटर लागते. ती मध्यावर तोडून दहा-दहा मीटरचे दोन हात करावयाचे आणि मध्यातून केबल खाली आणावयाची. दोन सुपाऱ्यांच्या मधे ती जेमतेम पुरुषभर-दीड पुरुषभर उंचीवर ताणली. एवढ्या खाली का, असे मी विचारले. स्नेही म्हणाले, “इथे चारी बाजूंना डोंगर. आडव्या जाणाऱ्या लहरी डोंगरावर आपटून संपतील. तार खाली असली म्हणजे लहर सरळ आभाळात जाते आणि वरच्या विद्युद्भारित थरावरून परत खाली येते, कारंज्याच्या पाण्यासारखी. दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात ती सगळीकडे पडते. डोंगर मधे येतच नाही.”

यंत्र लहान पेटीएवढे. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात ऐकण्याची दोन स्वतंत्र अंगे, म्हणजे दोन रिसीव्हर आहेत. एकाला मुख्य म्हणावयाचे, दुसऱ्याला दुय्यम. मुख्याचा आवाज डाव्या कानात आणि दुय्यमाचा उजव्या कानात घेता येतो. मात्र बोलण्याचे अंग, म्हणजे ट्रान्समीटर, एकच. दोन कान आणि एक कंठ, अशी ही देवाच्याच हिशेबाने केलेली रचना आहे. दूरदेशीचे एखादे दुर्मिळ केंद्र बोलू लागले की शेकडो हौशी त्याला एकाच वेळी हाका मारतात. त्या गोंगाटात बुडू नये म्हणून ते केंद्र बोलते एका जागी आणि ऐकते थोडे वरच्या दुसऱ्या जागी. अशा वेळी एका कानाने केंद्राला ऐकावयाचे, दुसऱ्या कानाने हाका मारणाऱ्यांना ऐकावयाचे आणि कंठ त्या दुसऱ्या जागेवर ठेवावयाचा. या व्यवस्थेला ‘स्प्लिट’ म्हणतात. वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्यानेच आमचा घात केला.

संध्याकाळी त्यांनी मला कानातले यंत्र दिले आणि सुराची गंमत ऐकवली. हौशी मंडळी ज्या पद्धतीने बोलतात तीत लहरीचा मूळ आधार पाठवतच नाहीत. तो ऐकणाऱ्याच्या यंत्राने आपल्या पदरचा घालावयाचा असतो. तो किंचित चुकला की आवाजातील प्रत्येक स्वर सारख्याच अंतराने सरकतो. गवयाच्या मनात घोटाळा होतो तो येथे. आपण पट्टी बदलतो तेव्हा सगळे स्वर एकाच प्रमाणात चढतात, म्हणून षड्ज-पंचमाचे नाते टिकते. येथे तसे होत नाही. षड्ज २४० कंपनांचा आणि पंचम ३६० चा धरा. डायल चाळीस कंपनांनी चुकली तर षड्ज २८० वर जातो आणि पंचम ४०० वर. दीडपटीचे नाते मोडले आणि पंचम घसरून जवळजवळ तीव्र मध्यमाच्या दारात येऊन बसला. म्हणूनच चुकीच्या जागी लावलेला माणसाचा आवाज बदकासारखा वाटतो. तो उंच झालेला नसतो, बेसूर झालेला असतो.

माझे वडील दरबारी गवई. विलीनीकरणापूर्वी अगदी कोवळ्या वयात ते दरबारच्या सेवेत लागले, आणि मी त्यांचा उतारवयातला मुलगा. मैफलीपूर्वी दोन तंबोरे जुळवताना ते सांगत, “स्वर ऐकू नकोस, दोन स्वरांच्या मधला हेलकावा ऐक. तो मंद होत होत थांबला की जुळले.” तीच कसोटी येथे चालली. एकच केंद्र दोन्ही रिसीव्हरांवर घेऊन आवाज एकत्र केला की हेलकावा ऐकू येतो, निदान एका शिट्टीच्या स्थिर आवाजावर तर स्पष्टच येतो. तो येत राहिला तर समजावे की एकीकडची बारीक सुधारणेची कळ चुकून चालू राहिली आहे. दोन्ही कान एकाच जागी आहेत की नाहीत हे पारखण्याची याहून सोपी रीत नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर स्नेह्यांनी वीस मीटरच्या पट्ट्यात कुठल्याशा बेटावरचे केंद्र पकडले. मुख्य रिसीव्हर १४.१९५ वर, दुय्यम १४.२०० वर आणि कंठ दुय्यमाकडे. त्यांनी नुसतेच ऐकले, कारण बाहेर विजा चमकू लागल्या होत्या. लगेच यंत्र बंद केले, एरियलची केबल काढून खिडकीबाहेर टाकली आणि आम्ही निजलो.

आम्हाला ऐकू येते, पण आम्ही ऐकू जात नाही

पुढचे दोन दिवस पाऊस थांबला नाही. वीज गेली. पाठोपाठ फोन मुके झाले. गावाबाहेरचा साकव पाण्याखाली गेला आणि रस्त्यावर एक जुना मत्ती वृक्ष आडवा झाला. रानातल्या माणसांना याचे नवल नाही. चार दिवसांचे तांदूळ, मीठ, रॉकेल घरात असतेच. पण मावशींच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांना रोज दोन वेळा इन्शुलिन टोचावे लागते. जोयड्याहून आणण्याचा दिवस पावसात बुडाला होता आणि मडक्यातील गार पाण्याजवळ जपून ठेवलेल्या कुपीत उद्या सकाळपुरतेच औषध उरले होते. त्यांची सून सकाळी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “काका, तुमच्या त्या यंत्रावरून कुणाला सांगता येईल काय?”

बेळगावचे एक हौशी रोज सकाळी दहा वाजता सात मेगाहर्ट्झवर येतात, हे स्नेह्यांना ठाऊक होते. मोटारीची बॅटरी जोडली. दहाच्या ठोक्याला डाव्या कानात बेळगाव आले. आवाज इतका स्वच्छ की ते खाकरले तेही कळले. स्नेह्यांनी हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. बेळगावकर दुसऱ्याच कुणाशी पावसाच्या गप्पा मारत राहिले. उंबऱ्याशी ती सून उभी, आणि आमची स्थिती स्वप्नात ओरडावे आणि कंठातून आवाज फुटू नये तशी.

येथे एरियलची शंका पहिल्याने यावी यात नवल नाही, कारण यंत्रावरील काटा तेच सांगत होता. बोलताना पाठवलेली शक्ती एरियलमध्ये न जाता किती परत फिरते, हे तो काटा दाखवतो. दीडास एक असे प्रमाण उत्तम, तिनास एक वाईट. काटा तिनाच्याही पलीकडे जाऊन टेकला होता. अशा वेळी यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी आपली शक्ती आपणच कमी करते. स्नेही भर पावसात सुपारीच्या बागेत गेले, सांधा सोडला, पुसला, रबरी पट्टी गुंडाळली, चिखलात माखून परत आले. काटा होता तेथेच. अर्धा तास गेला.

मी तोपर्यंत कानातले यंत्र लावून बसलो होतो. यंत्रातले मला काही कळत नाही, पण डाव्या कानातील खळखळ आणि उजव्या कानातील अगदी पुसट सळसळ यांची जात निराळी आहे, एवढे लक्षात आले. उजव्या बाजूची आवाजाची कळ जवळजवळ बंद होती. ती वाढवली तर तिकडे कुणी परकीय भाषेत बोलत होता. मी म्हणालो, “हा उजवा कान कुठल्या गावी आहे?”

स्नेह्यांनी पाहिले आणि कपाळावर हात मारला. सकाळी त्यांनी मुख्य रिसीव्हर सातावर आणला होता, पण दुय्यम आदल्या रात्रीच्या १४.२०० वरच होता, आणि कंठ अजून दुय्यमाकडेच. आम्ही बेळगावला सातावर ऐकत होतो आणि उत्तर चौदावर देत होतो. यंत्राच्या तोंडावर तसे सांगणारा एक तांबडा ठिपका होता. तो भाताच्या दाण्याएवढा, आणि दुय्यमाच्या आकड्यांशेजारी.

एरियलचा काटा का रुसला होता, तेही आता उलगडले. सातासाठी कापलेली तार एकवीसावर, म्हणजे तिपटीवर, बऱ्यापैकी चालते. चौदावर, म्हणजे दुपटीवर, मुळीच चालत नाही. तंबोऱ्याची तार नेमकी मध्यावर छेडली तर तिच्यातून दुप्पट कंपनांचा स्वयंभू स्वर उमटत नाही, कारण त्या स्वराला मध्यबिंदू स्थिर लागतो. तिप्पट कंपनांचा मात्र उमटतो. आमच्या तारेलाही मध्यावरच शक्ती दिलेली. चौदाच्या लहरीला तिने दार उघडले नाही, यात तिचा दोष नव्हता. काटा खरे बोलत होता, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला.

दुसरा दोष

कळ दाबून कंठ मुख्याकडे आणला. काटा लगेच दीडाच्या आत उतरला. आता बेळगाव हाकेच्या अंतरावर, असे वाटले. स्नेह्यांनी मोठ्याने हाक दिली आणि पहिल्याच शब्दाला यंत्र विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. एक दोष दुसऱ्या दोषामागे लपून बसला होता.

पण या वेळी ते बागेकडे धावले नाहीत. ऐकू नीट येते, काटा ठीक आहे, मग ऐकताना आणि बोलताना बदलते काय? बदलतो विजेचा खप. असे यंत्र ऐकताना दीड-दोन अँपिअर घेते आणि शंभर वॉटनी बोलताना वीसच्या घरात. बॅटरीपासून यंत्रापर्यंतची तार घाईत जोडलेली, लांब आणि बारीक. तिचा रोध ओहमचा दहावा भाग जरी धरला, तरी वीस अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच सांडतात. बॅटरीचे साडेबारा यंत्रापाशी साडेदहा होऊन पोहोचले, आणि बाराच्या खाली फार गेले की हे यंत्र उपाशी काम करीत नाही. म्हणूनच मोठ्या शब्दाला डायलचा दिवा मिचकत होता. तार निम्मी केली, तिची टोके चाकूने घासून स्वच्छ केली आणि शक्ती शंभरावरून पंचवीस वॉटवर आणली. शक्ती चौथाईवर आली म्हणजे आवाज चौथाई झाला, असे मात्र नव्हे. ऐकणाऱ्याच्या मापकावर तो जेमतेम एक घर खाली येतो. गवयाला हे सांगावयास नको. सुरात लावलेला मध्यम आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, बेताल आरडाओरड जात नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी बेळगावकर उठण्याच्या बेतात असताना त्यांनी आमची हाक ऐकली. स्नेह्यांनी आपले सांकेतिक नाव, गावाचे नाव, औषधाचे नाव आणि मात्रा सावकाश, दोनदा सांगितली. त्यांनी लिहून घेतले आणि तशीच परत वाचून दाखवली. जोयड्याचे फोन चालू होते. तासाभराने त्यांनी पुन्हा येऊन कळवले की तालुक्याच्या कचेरीत आणि दवाखान्यात निरोप पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वनखात्याचे दोन पहारेकरी पडलेल्या झाडावरून चढून, कंबरभर पाण्यातून साकव ओलांडून आले. एकाच्या डोक्यावर बांधलेल्या पिशवीत ते औषध होते. म्हातारेबुवांनी त्यांना आधी चहा पाजला आणि मग सुई टोचून घेतली.

क्रम चुकू नये

परतताना आगगाडीत स्नेह्यांनी मला या शोधाचा क्रम सांगितला. तो मी वहीत उतरवून घेतला, कारण माझ्या विद्यार्थ्यांनाही तो कामाचा आहे.

ऐकू येत नसेल तर प्रथम विचारावे, दोन्ही कानांनी येत नाही की एकाच? दोन्ही रिसीव्हर एकाच केंद्रावर आणावेत. दोन्हींत आले तर एरियल व यंत्र ठीक आहे, चूक जागेची. एकातच आले तर मुक्या बाजूच्या कळा पाहाव्यात. तिचा आवाज, खळखळ दाबणारी कळ, संवेदनक्षमतेची कळ, आणि ती बाजू रिकाम्या एरियलच्या खोबणीकडे तर वळलेली नाही ना. दोन्हींत नाही तरच बाहेर केबलकडे जावे. बोलणे पोहोचत नसेल तर तांबडा ठिपका कुठे आहे ते आधी पाहावे. मग शक्तीचा काटा, मग परतीचा काटा, मग बोलताना व्होल्ट किती उरतात ते. दोन मीटरच्या पट्ट्यातील डोंगरावरच्या पुनःप्रक्षेपकातून बोलावयाचे असेल तर आणखी दोन गोष्टी. ऐकण्याची आणि बोलण्याची जागा यांत सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, आणि पुष्कळ ठिकाणी आवाजाखाली एक ठराविक खर्ज स्वर अखंड धरावा लागतो, ६७ पासून २५४ कंपनांपर्यंतचा कुठला तरी एक. ऐकणाऱ्याला तो गाळून टाकलेला असल्याने ऐकू येत नाही, पण तो नसला तर दार उघडत नाही. तंबोऱ्यावाचून गवयाला मैफलीत प्रवेश नसावा, तसे!

आणि सर्वांत मोठा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर ऐकावे. दोन खुंट्या एकदम पिळणाऱ्याचा तंबोरा कधी लागत नाही.

या रानाला हे नवे नाही

जोयडा तालुक्याच्याच उत्तरेला कॅसलरॉक आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या सरहद्दीवरचे हे रेल्वेचे ठाणे. गोवामुक्तीच्या लढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून पोर्तुगीज व कोंकणी भाषांत गुप्त नभोवाणी सुरू केली, आणि पुढे ती कॅसलरॉकच्या रानातूनही चालली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत तो आवाज थांबला नाही. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली. १९९२ साली वामनरावांना आणि २०२५ साली, वयाच्या शंभरीत, लिबियाताईंना पद्मश्री जाहीर झाली. याच पावसात, याच दमट हवेत, त्या काळच्या जड यंत्रांचे सांधे त्यांनी कसे कोरडे ठेवले असतील, हा विचार गुंदच्या ओसरीवर माझ्या मनात अनेकदा आला. त्यांची यंत्रे लढ्याची होती, हौशी मंडळींची सरावाची. पण हा सराव वाया जात नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. अंदमानातील संपर्क तुटला असता त्यांनी छंद बाजूला ठेवून निरोप पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले.

कुणा वाचकाच्या घरी नातवंडांना या विद्येची ओढ लागली, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही ती देता येते. परवान्यावाचून मात्र हवेवर एक शब्दही बोलू नये.

मागच्या आठवड्यात स्नेह्यांकडे गेलो होतो. यंत्राच्या तोंडावर त्या तांबड्या ठिपक्याशेजारी त्यांनी कागदाची एक लहान पट्टी चिकटवली आहे, आणि तिच्यावर मावशींच्या हातचे मराठी अक्षर आहे: ‘आधी इथे बघ.’